टेस्टकाठची टिपणे

१
इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशर परगण्यात टेस्ट नावाची नदी आहे. लांबी चाळीस मैलांच्या आसपास. आपल्याकडे असती तर शाळेच्या नकाशात तिला नावही मिळाले नसते. काठी स्टॉकब्रिज हे गाव : एक रुंद रस्ता, दुतर्फा दुकाने, गाव संपले. तिथे होटन क्लब. स्थापना १८२२. उद्योग : गळ टाकणे.

२
१८२२ च्याच जुलैत मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांनी ‘मुंबई समाचार’ काढला. दोन्ही अजून चालू आहेत. एक रोज निघतो. दुसऱ्याचे सभासद हंगामात निघतात.

३
क्लबचा संस्थापक पाद्री होता. कॅनन फ्रेडरिक बीडन. जन्म १७७७, मृत्यू १८७९. वजाबाकी वाचकाने करावी. काका बिशप, त्यामुळे नेमणुका वेळेवर मिळत गेल्या : नॉर्थ स्टोनमची रेक्टरी, वेल्स शहरातल्या कॅथीड्रलमध्ये कॅनन. नेपोलियन यायच्या आधी जन्मला आणि टेलिफोन आल्यावर गेला. मधल्या काळात बंदूक, बाग, गळ आणि प्रवचने. क्रम मी लावलेला आहे.

४
क्लबहाउस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, कौले, व्हरांडा, पांढऱ्या कपड्यातला बटलर. इथे तसे काही नाही. गावच्या मुख्य रस्त्यावर ग्रोव्हनर हे हॉटेल आहे. दारापुढे खांबांवर पुढे आलेला पोर्च, आणि त्या पोर्चच्या डोक्यावर एक खोली. ती क्लबची. खालून गाड्या जातात, दारू पिणारे आत-बाहेर करतात, आणि वर इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या मासेमारी क्लबांपैकी एकाची नोंदवही.

खोली नदीवर नाही, रस्त्यावर आहे, हे मला आवडले. नदीवर बसून नदीबद्दल खोटे बोलता येत नाही.

५
सभासद पंचविसाच्या आत. जागा रिकामी होण्याची पद्धत एकच.

६
नोंदवही म्हणजे नुसता हिशेब नव्हे. कोणी किती धरले, वारा कुठला, पाणी गढूळ की निवळ, माशी निघाली की नाही, हे सारे आहेच. पण पाऊस लागला की सभासद त्याच वहीत चित्रे काढत, एकमेकांची टर उडवत, पद्ये जुळवत. पावसाचे दिवस पुष्कळ असणार, कारण वही जाडजूड झाली. १९०८ साली सर हर्बर्ट मॅक्सवेल यांनी तिच्यातून निवडून मोठे पुस्तक छापले. चित्रकारांत टर्नर आणि लँडसियर ही नावे आहेत. मासा न लागल्याचा कलेला झालेला फायदा कुणीतरी एकदा मोजायला हवा.

७
रिचर्ड पेन हा एक सभासद. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाला ज्यांचे नाव आहे त्या घराण्यातला. त्याने क्लबच्या वहीतून उचलून १८३३ मध्ये गळ टाकणाऱ्यांसाठी सुवचनांची छोटी पुस्तिका काढली. उपदेशाच्या सुरात थट्टा. आजोबांच्या पिढीकडे एक वसाहत होती, नातवाकडे विनोद उरला.

८
सर फ्रान्सिस चँट्री, शिल्पकार, हाही सभासद. मुंबईकराने त्याचे काम पाहिलेले असते, फक्त नाव विचारलेले नसते. एशियाटिकच्या टाउन हॉलमधला संगमरवरी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्याचा. जॉन माल्कम त्याचा. चार्ल्स फोर्ब्जही त्याचाच. पेशवाई बुडवून राज्याची घडी बसवणारी माणसे ज्याने घडवली, तो हॅम्पशरमध्ये चिखलात उभा राहून ट्राउटची वाट पाहत असे.

चेन्नईतला घोड्यावरचा टॉमस मन्रोही त्याचाच. घोडा आहे, खोगीर नाही, रिकीब नाही.

९
चँट्रीने १८२९ साली एका बारात दोन वुडकॉक पक्षी पाडले. मग त्या दोघांचे संगमरवरात शिल्प केले. त्यावर पुढे विद्वानांनी चुटकेदार पद्यांचे अख्खे पुस्तक केले. एका बारातून इतकी निष्पत्ती दुसऱ्या कुठल्या शिकाऱ्याला साधल्याचे माझ्या वाचनात नाही.

१०
टेस्ट चुनखडीची नदी आहे. पाऊस डोंगरावरून धावत येत नाही. खडूच्या जाड थरात मुरतो, महिनोन्‌महिने आत राहतो, आणि झऱ्यातून गाळून बाहेर येतो. म्हणून पाणी नितळ, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात त्या मानाने ऊबदार, बारा महिने साधारण दहा-अकरा अंश. पूर क्वचित. पाणवनस्पती भरपूर, त्यात किडे भरपूर, म्हणून मासे गुबगुबीत. जगातल्या अशा नद्यांपैकी सुमारे ८५ टक्के एकट्या इंग्लंडमध्ये आहेत.

नितळ पाण्याची एक अडचण : तुम्हांला मासा दिसतो, तसे माशालाही तुम्ही दिसता.

११
मेफ्लाय. अळी नदीच्या गाळात बीळ करून एक-दोन वर्षे काढते. मग मे अखेरीला वर येते, पंख फुटतात, आणि एक-दोन दिवसांत संपते. त्या एक-दोन दिवसांत ती काही खात नाही. तोंड कामाचेच नसते. ट्राउट मात्र त्याच पंधरवड्यात सारी सावधगिरी सोडून हादडतो. या काळाला इंग्रज नवशिक्यांचा पंधरवडा म्हणतात : कुणीही गळ टाकावा, मासा लागतो. क्लबातले जुने लोक याच पंधरवड्यात आवर्जून हजर.

१२
सुरुवातीच्या सभासदांचा नैतिक पाया कच्चा होता. रेशमाचा हलका दोर वाऱ्यावर सोडायचा, टोकाला जिवंत माशी, ती पाण्याला टेकली-न टेकली अशी नाचवायची. वारा काम करी, सभासद काठी धरी. पुढच्या पिढ्यांनी ही रीत बाद केली. नियम कडक झाले ते मासे कमी झाल्यावर की माणसे सभ्य झाल्यावर, हे वहीत शोधावे.

१३
फ्रेडरिक हॅलफर्ड. व्यापारी घराण्यातला, पैसा मुबलक, याच नदीवर होटनच्या परिसरात मुक्काम टाकून बसला आणि माश्यांचा अभ्यास केला. १८८६ च्या त्याच्या पुस्तकात पिसे, धागा आणि केस यांपासून करायच्या ९० कृत्रिम माश्या रंगीत चित्रांसह दिल्या आहेत. त्याचा दंडक : मासा वर येताना डोळ्यांनी पाहा, त्याच्या पाठीमागून, प्रवाहाच्या उलट दिशेने, कोरडी माशी त्याच्या पुढ्यात अलगद ठेवा. बाकी सारे अधर्म.

१४
हॅलफर्डला शिकवणारा जॉर्ज मॅरियट. हॅलफर्डने पुस्तकावर जोडनाव घालू म्हटले. मॅरियटने नको म्हटले. चांगल्या मासेमाराला स्वतःची जागा सांगायची नसते. नावही त्यातच धरावे.

१५
पंथ म्हटला की पाखंडी आलाच. जी. ई. एम. स्क्यूझ, लंडनचा वकील. शेजारच्या इचेन नदीवर त्याच्या लक्षात आले की मासा बरेचदा पाण्याखालीच खातो, वर येतच नाही. मग माशीही पाण्याखाली का नको? १९१० साली त्याने तसे छापले. पुढे अठ्ठावीस वर्षे धुसफूस. १९३८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर रीतसर वाद झाला. स्क्यूझचे वय ७९. त्याच वर्षी मार्चमध्ये हिटलर ऑस्ट्रियात शिरला.

१६
फ्लायफिशर्स क्लबची स्थापना १८८४. मुक्काम लंडन. नदी नाही. तिथे मासे चामड्याच्या खुर्चीतून धरतात. वजनाला मर्यादा नाही.

१७
आता नदी कोण राखतो ते पाहू. १८८७ साली विल्यम लन हा होटन क्लबचा नदीराखा झाला. काम : कालव्यांतले आणि पात्रातले गवत ठरल्या वेळी, ठरल्या मापाने कापणे, काठ बांधणे, पाईक मासे काढणे, चोरांवर नजर ठेवणे, सभासद आला की त्याला मासा दाखवणे. हे सारे करून माणूस थकावा. लनने किड्यांकडे पाहायला सुरुवात केली.

त्याला दिसले की काही माश्या अंडी घालायला पाण्याखाली उतरतात, पुलाच्या खांबांवर अंडी चिकटवतात, आणि तळातून सरपटत येणाऱ्या कॅडिस किड्याच्या अळ्या ती फस्त करतात. उपाय त्याने सुताराचा केला. लाकडी फळ्या पुलाला बांधून पाण्यावर तरंगत्या ठेवल्या. माशी फळीखाली अंडी घाली. फळी तळाला टेकलेली नाही, तेव्हा अळीला चढायला वाट नाही. फळी अंड्यांनी भरली की उचलून जिथे माशी कमी झाली आहे अशा ठिकाणी नेऊन सोडायची. माशी वाचली की मासा वाचला, मासा वाचला की सभासद खूश. अन्नसाखळीचे सगळ्यात वरचे टोक वर्गणी भरत होते.

१८
लनने स्वतः कृत्रिम माश्याही बांधल्या. त्यातली एक, ‘लन्स पर्टिक्युलर’, आजही जगभरच्या दुकानांत मिळते. क्लबातल्या सरदार-सभासदांची नावे शोधायला ग्रंथालयात जावे लागते. नोकराचे नाव गळाच्या डबीत आहे.

१९
लननंतर मुलगा आल्फ्रेड, त्यानंतर नातू मिक. तीन पिढ्या, एक नदी, शंभर वर्षांवर नोकरी. पाटील-कुलकर्ण्यांची वतने आपण कायद्याने काढून घेतली. हे वतन कुणी दिलेच नव्हते, फक्त काम कुणी सोडले नाही.

२०
लनचे चरित्र लिहिले ते जॉन वॉलर हिल्स यांनी, १९३४ साली. हिल्स क्लबचे सभासद, पार्लमेंटचे सदस्य, काही काळ ब्रिटनच्या तिजोरीचे अर्थसचिव. मंत्र्याने राखणदाराचे चरित्र लिहिल्याचे दुसरे उदाहरण कुणी कळवावे. आपल्याकडे उलट दिशेची उदाहरणे कपाटभर आहेत.

२१
इंग्रजी कायद्याप्रमाणे भरती-ओहोटी न पोहोचणाऱ्या नदीत गळ टाकण्याचा हक्क काठाच्या मालकाचा. मासा मात्र कुणाचाच नाही. धरेपर्यंत तो बेवारस. म्हणजे क्लबने जमीन घेतली, काठ घेतले, हक्क घेतले, आणि ज्याच्यासाठी घेतले तो मासा शेजारच्या हद्दीत पोहत गेला तर काही करता येत नाही. उत्तम कायदा.

२२
गावाचा जुना धंदा मासे नव्हता, मते होती. स्टॉकब्रिजसारख्या चिमुकल्या गावाला पार्लमेंटात दोन जागा होत्या, आणि मते उघड विकली जात. निबंधकार रिचर्ड स्टील १७१३ साली इथूनच निवडून आला. आख्यायिका अशी की, त्याने एका मोठ्या सफरचंदात सोन्याच्या गिन्या खोचल्या आणि जाहीर केले : आजपासून नऊ महिन्यांनी ज्या घरात पहिले मूल होईल त्याला हे. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने त्याला हाकलले, पण सफरचंदासाठी नव्हे, लेखनासाठी.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने दोन्ही जागा गेल्या. क्लब तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याच्या नियमांत सुधारणा सुचवल्याचे कुणी ऐकले नाही.

२३
स्टॉकब्रिजला घोड्यांच्या शर्यतीही होत. १८९८ नंतर बंद. मासे चालू.

२४
गावात एक जुने घर आहे. भिंतीवर वेल्श भाषेत जाहिरात रंगवलेली : वाळलेले गवत, चवदार कुरण, चांगली बीअर, सुखाची झोप. वेल्समधून गुरे हाकत लंडनकडच्या बाजारांना जाणारे लोक इथे उतरत. गिऱ्हाइकाच्या भाषेत पाटी लावावी, हे हॅम्पशरच्या खाणावळवाल्याला कुणी आंदोलन न करता कळले होते. यादीत गुरांचा चारा आधी, माणसाची बीअर नंतर.

२५
हीच नदी वर, लॅव्हरस्टोकला, कागदाची गिरणी चालवी. मालक पोर्टल, फ्रान्समधून धर्मच्छळामुळे पळून आलेल्या ह्युगनो घराण्यातले. १७२४ पासून बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांचा कागद तिथला. १८६१ च्या कायद्यानंतर हिंदुस्थान सरकारच्या पहिल्या नोटा निघाल्या, व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या, एकाच बाजूला छापलेल्या. त्यांचा हातकागदही लॅव्हरस्टोकचाच. म्हणजे खाली ट्राउट ज्या पाण्यात पोहत होता, त्याच पाण्यात वर आपला रुपया भिजत होता. पुढे १९२८ पासून छपाई नाशिकला आली. गोदावरीत ट्राउट नाही.

२६
लॅव्हरस्टोकच्या त्या गिरणीत आता जिनची भट्टी आहे. २०१४ साली उघडली. नदी काँक्रीटखाली दडपली होती ती मोकळी केली, काठी काचेची दोन वाकडी-तिकडी झाडघरे उभी केली. दारूचे नाव : बॉम्बे सफायर. आम्ही नाव बदलून मुंबई केले, ते तिथे पोहोचायचे आहे.

२७
आणखी खाली रोमसीजवळ ब्रॉडलँड्स. लॉर्ड माउंटबॅटनचे घर, याच नदीच्या काठी. एल्फिन्स्टनचा शिल्पकार मधल्या टप्प्यावर, रुपयाचा कागद वरच्या, शेवटचा व्हाइसरॉय खालच्या. हे मी जुळवले नाही, नदीने ओळीने ठेवले आहे.

२८
क्लबहाउसच्या बाबतीत अमेरिकन जास्त गंभीर. फिलाडेल्फियाजवळ स्कूलकिल नदीवर १७३२ साली २८ जणांनी मासेमारीची मंडळी काढली आणि स्वतःला वसाहत म्हणवून घेतले. क्रांती झाल्यावर स्वतःला राज्य म्हणवून घेतले. गव्हर्नर आहे, सल्लागार आहेत, शेरीफ आहे, कोरोनर आहे. क्लबहाउसला म्हणतात किल्ला. जमिनीचा मूळ मालक विल्यम वॉर्नर याला वर्षाला खंड : तीन छोटे मासे, थाळीत ठेवून. त्याला पदवी दिली बॅरन.

स्वयंपाक सभासदांनी स्वतःच करायचा. नव्या उमेदवाराने आधी उमेदवारी करायची, म्हणजे भांडी. या राज्यात घटनात्मक पेच झाल्याचे ऐकिवात नाही.

२९
त्या किल्ल्याला वेढा पडला तो शत्रूचा नव्हे. फिलाडेल्फियाने पिण्याच्या पाण्यासाठी नदीवर फेअरमाउंटचे धरण बांधले. समुद्राकडून चढणारे मासे अडले. १८२२ साली राज्य धरणाच्या खाली स्थलांतरित झाले. पुढे गिरण्या आल्या, पाणी बिघडले, आणि १८८७ साली राज्याने नदीच सोडली आणि डेलावेअरच्या काठी गेले. नावात अजून स्कूलकिल.

धरणग्रस्तांच्या यादीत हे राज्य कुणी धरत नाही.

३०
दोनच सभासदांचे क्लबहाउस : स्टॅफर्डशर, डव्ह नदी, १६७४. चार्ल्स कॉटनने दगडाची चौकोनी कोठी बांधली, दारावर लॅटिनमध्ये ‘मासेमारांना अर्पण’ असे कोरले, खाली स्वतःची आणि मित्र आयझॅक वॉल्टनची आद्याक्षरे एकमेकांत गुंतवली. वॉल्टनच्या गाजलेल्या मासेमारी-ग्रंथाला त्याने १६७६ साली दुसरा भाग जोडला. वॉल्टनचे वय तेव्हा ८३. कॉटनवर कर्ज फार. सावकार आले की तो जवळच्या गुहेत लपे असे सांगतात. कोठी कुणी जप्त केली नाही. अजून उभी आहे.

३१
१८२२ च्या होटनच्या संस्थापकांत बाई नाही. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडच्या टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी ६४ पौंडांचा सामन गळाने धरला. ब्रिटनमधला विक्रम. तो अजून कुठल्याही क्लबच्या कुठल्याही पुरुषाने मोडलेला नाही.

३२
ग्रेलिंग हा मासा टेस्टमधला मूळचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुद्दाम आणून सोडला. वाढला. मग ट्राउटवाल्यांनी त्याला उपरा, खादाड, उपद्रवी ठरवून जाळ्याने काढायला सुरुवात केली. आणणारे कोण, हे विचारायची त्या सभेत पद्धत नव्हती.

३३
२०२१ साली सदर्न वॉटर या कंपनीला हॅम्पशरसह तीन परगण्यांच्या नद्या आणि किनाऱ्यांत मैलापाणी सोडल्याबद्दल नऊ कोटी पौंडांचा दंड झाला. न्यायालयाचा हिशेब ६,९७१ वेळा. सव्वाशे वर्षांपूर्वी विल्यम लन एकेका फळीवरची अंडी सांभाळत होता.

३४
स्टॉकब्रिजच्या मुख्य रस्त्याखालून टेस्टचे अनेक फाटे जातात. पुलाच्या कठड्यावरून वाकले की ट्राउट दिसतात, हाताएवढे, प्रवाहाकडे तोंड करून शेपूट हलवत. बघायला सभासदत्व लागत नाही. शाळकरी पोरे पाव टाकतात. शंभरेक वर्षे अभ्यास करून हॅलफर्डच्या अनुयायांनी पिसांच्या शेकडो माश्या घडवल्या; पुलाखालच्या ट्राउटला पाव चालतो.